जिरेनियमची वाटणी

जिरेनियमचं बी कोणी कोणाकडे मागत नाही. मागायची ती फांदी. "काकू, तुमच्या त्या लाल जिरेनियमची एक फांदी द्या ना," हे वाक्य इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलं असेल. तुळशीच्या मंजिऱ्या आपोआप झडतात आणि शेजारच्या कुंडीत उगवतात. जिरेनियम मात्र एका घरातून दुसऱ्या घरात माणसाच्या हातूनच जातं.

यामागे काटकसर आहेच, पण शास्त्रही आहे. बी म्हणजे गुणांची सरमिसळ. बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघेलच असं नाही. फांदीपासून केलेलं रोप मात्र तेच झाड असतं, फक्त दुसऱ्या कुंडीत. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला आधी कॉपी-पेस्टच आठवलं. पण कॉपी केल्यावर मूळ फाइल होती तशीच राहते. इथे फांदी कापली की कापल्या जागेच्या खालून नवे फुटवे येतात आणि देणाऱ्याचं झाड अधिक दाट होतं.

हे सगळं मला गेल्या वर्षी नीट कळलं, कारण गेल्या वर्षी आमच्या घराची वाटणी झाली.

आमचं घर परदेशीपुऱ्यात. तुमच्यापैकी तरुण मंडळींना हा भाग माहीत असेल तो इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समुळे. माझं ऑफिसही तिथेच आहे. पण त्याआधी हा सगळा पट्टा गिरणी कामगारांचा होता. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्याही एकेक करून थांबल्या. भोंगे गेले, गल्ल्या राहिल्या. आमचे आजोबा अशाच एका कापड गिरणीत होते. त्यांनी खाली दोन खोल्या बांधल्या, बाबांनी वर दोन चढवल्या. पुढे ओटला, वर गच्ची, आणि गच्चीवर पत्र्याखाली जिरेनियमच्या अकरा कुंड्या.

या अकरा कुंड्या एकाच फांदीच्या. ती फांदी आजीनं महूच्या एका मैत्रिणीकडून आणली होती, माझ्या जन्माच्याही आधी. आजी गेली, नंतर बाबा गेले, झाड आईकडे आलं. घरात सगळे त्याला 'आजीचं झाड' म्हणतात, पण गंमत अशी, की त्यातली एकही कुंडी तीन वर्षांपेक्षा जुनी नव्हती. जिरेनियमचं खोड जुनं झालं की लाकडासारखं होतं, खालून उघडं पडतं, फुलं कमी येतात. म्हणून आई दर दोन-तीन वर्षांनी नवीन काड्या लावायची आणि म्हातारं झाड काढून टाकायची. आजीच्या हाताचं एक पानही आज शिल्लक नाही, तरी झाड आजीचंच आहे.

आता थोडं या पाहुण्याविषयी. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते शास्त्राच्या दृष्टीनं पेलार्गोनियम. लिनियसनं १७५३ मध्ये दोन्ही एकाच नावाखाली घातली होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए यानं १७८९ मध्ये ती वेगळी केली. तोवर पहिलं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं, ते आजतागायत सुटलं नाही. दोन्ही नावं पक्ष्यांवरून आली आहेत, ग्रीक भाषेतला 'गेरानोस' म्हणजे क्रौंच आणि 'पेलार्गोस' म्हणजे बलाक. या झाडांची फळं लांब चोचीसारखी दिसतात, म्हणून.

झाडाचं मूळ गाव दक्षिण आफ्रिका. सतराव्या शतकात जहाजांतून ते युरोपात गेलं आणि तिथल्या खिडक्यांमध्ये रमलं. पण केपच्या पश्चिम भागात पाऊस पडतो थंडीत, उन्हाळा असतो कोरडा. आपल्या माळव्यात नेमकं उलटं. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, आणि पाठोपाठ उकाड्यातच पाऊस. ऊन हे झाड एक वेळ सोसतं, दुपारची सावली मिळाली की झालं. ओल आणि उष्णता एकत्र आली की मात्र मुळं कुजतात. इंदुरात जिरेनियम मरतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. आईच्या गच्चीवरचा तो पत्रा उन्हासाठी नव्हताच, पावसासाठी होता.

ही अडचण फक्त आपल्या गच्च्यांची नाही. गुलाबासारख्या वासाच्या जिरेनियमची तेलासाठी शेती होते. महाराष्ट्रातही अलीकडे काही शेतकरी ती करू लागलेत, आणि या पिकाच्या एका वाणाचं नाव चक्क 'केलकर' आहे! ही सगळी लागवडही फांद्यांपासूनच करावी लागते, आणि मैदानी भागात पावसाळ्यात मातृवृक्ष जगवणं हीच मोठी डोकेदुखी. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संशोधन संस्थेनं त्यासाठी कमी खर्चाचे प्लास्टिकचे निवारे तयार केले. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पत्रा काय वाईट होता?"

तर वाटणी. दादा पुण्यात, ताई न्यू जर्सीत, मी इंदुरात. बाबा गेल्यावर आई त्या घरात एकटीच राहत होती. तिचे गुडघे जिने चढू देईनात. दोन पावसाळे छत गळलं. दादाचं म्हणणं, घर विकावं, आईनं माझ्या फ्लॅटवर यावं, पैशाचे तीन भाग करावेत. यात चूक काही नव्हतं. ताईचं म्हणणं, विकू नये. "पैसे नकोत असं म्हणत नाही मी," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पण मग मी इंदूरला यायचं म्हणजे कुठे यायचं?" यातही चूक नव्हतं. माझं घर आहे की, असं मी म्हणालो. ती गप्प बसली. लग्न होऊन पंधरा वर्षं परदेशात राहिलेल्या बहिणीला धाकट्या भावाचा फ्लॅट हे माहेर वाटत नाही, हे मला तिच्या त्या गप्प बसण्यातून कळलं.

शेवटी विकायचं ठरलं. रजिस्ट्री जानेवारीत. दादा आणि ताई यांच्यातलं बोलणं हळूहळू कागदपत्रांपुरतं उरलं. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटायचं.

भांडी, कपाटं, बाबांची पुस्तकं, सगळ्याच्या याद्या झाल्या. आईनं यादीत काहीच सांगितलं नाही. दसऱ्यानंतर एक दिवस मला म्हणाली, "रविवारी ये. काड्या लावायच्यात. तिघांच्या."

ही पद्धत आता सविस्तर सांगतो, कारण यूट्यूबवर सांगतात त्यापेक्षा ती दोन-तीन ठिकाणी वेगळी आहे आणि आपल्या हवेला जुळणारी आहे.

काड्या लावायच्या त्या पाऊस पूर्ण थांबल्यावर, दसरा ते दिवाळीच्या सुमारास. तेव्हा दिवस उबदार आणि कोरडे असतात, रात्री गार व्हायला लागतात. हुकलं तर फेब्रुवारी. फांदी निवडायची ती कोवळीही नाही आणि लाकडासारखी झालेलीही नाही अशी, आणि शक्यतो फूल नसलेली. लांबी चार बोटं ते वीतभराच्या निम्मी. कापायचं पेराच्या लगेच खाली, धारदार पात्यानं. दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी पातं स्पिरिटनं पुसायचं. पिढ्यान्‌पिढ्या फांदीवरून फांदी करताना झाडाबरोबर त्याचे विषाणू आणि जिवाणूही पुढे जातात. सॉफ्टवेअरमध्ये कोड उचलून चिकटवताना त्यातला बगही येतो, तसंच हे.

मग खालची पानं काढायची, वर दोन-तीन ठेवायची. कळी असेल तर खुडायची. पेरापाशी कागदासारखी छोटी उपपर्णं असतात, तीही काढायची. ती ओल धरतात आणि तिथूनच सड लागते. यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात: काड्या लगेच लावायच्या नाहीत. आईनं त्या सुपात पसरल्या आणि रात्रभर सावलीत ठेवल्या. कापलेलं तोंड कोरडं होऊन त्यावर पापुद्रा धरतो आणि जखम बंद होते. जिरेनियमचं खोड रसदार असल्यामुळे एका रात्रीत ते काही सुकून जात नाही.

लावायला निम्मी धुतलेली जाडसर रेती, निम्मं कोकोपीट. आम्ही दह्याचे रिकामे कप घेतले, तळाला भोकं पाडून. या टप्प्यावर खत अजिबात नको. वरून प्लास्टिकची पिशवी घालून दमट ठेवायचं, हा सल्ला इतर झाडांना चालतो. जिरेनियमची लवदार पानं त्या दमटपणात बुरशीला बळी पडतात. एकदा नीट पाणी द्यायचं, मग वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पुन्हा नाही. उजेड भरपूर, पण थेट दुपारचं ऊन नको. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच ओढून पाहायची, धरून राहिली तर समजायचं. रोज ओढायची नाही. (हे आईनं मला उद्देशून तीनदा सांगितलं.)

आम्ही चोवीस काड्या लावल्या होत्या, प्रत्येकाच्या आठ. सात काळ्या पडल्या. बुडापासून खोड काळं होत वर चढतं, पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे. असं दिसलं की तो कप लगेच बाजूला करायचा, शेजाऱ्याला लागण होण्याआधी. सतरा उरल्या. सतरा आणि तीन वारस म्हटल्यावर मला शाळेतलं सतरा उंटांचं कोडं आठवलं. तिथे शेजारी आपला अठरावा उंट आणून वाटणी जमवून देतो. इथे अठरावा उंट आईनं गच्चीवरून आणला: जुन्या कुंड्यांतली सगळ्यात बरी कुंडी. तिघांना सहा-सहा.

मुळं धरल्यावर रोपं मोठ्या कुंडीत गेली. आपली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून बसते. एक भाग माती, एक भाग रेती, एक भाग कंपोस्ट. हे कंपोस्टही आपल्याच गावचं आहे बरं का. इंदुरात १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण यांपासून पद्धतशीर खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकातून जगापुढे ठेवली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. स्वच्छतेत आपण पहिला नंबर काढला त्याच्या कितीतरी आधी, कचऱ्याचं सोनं करायचं कसं यासाठी इंदूरचं नाव जगाला माहीत होतं.

काड्या वाढत असताना मी ताईच्या सहा रोपांची चौकशी केली. विमानातून अमेरिकेत रोप नेता येईल का? लावायची रोपं नेताना भारत सरकारच्या वनस्पती-संरक्षण यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि जिरेनियमच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. कारण आहे राल्स्टोनिया नावाचा जिवाणू. बटाट्यावर यामुळे जो रोग पडतो त्याला शेतकरी 'बांगडी' म्हणतात. जिरेनियमच्या अंगात तो लक्षणं न दाखवता लपून राहू शकतो. २००३ मध्ये केनियातून आणि २०२० मध्ये ग्वाटेमालातून आलेल्या जिरेनियमच्या काड्यांबरोबर तो अमेरिकेत पोचला, आणि तिथल्या नर्सऱ्यांना रोपं नष्ट करावी लागली. सगळी धडपड बटाट्याचं पीक वाचवण्यासाठी. माळव्याच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये.

ताईला हे फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दादाला झाड, तुला झाड आणि मला फोटो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आईलाही नाही.

जानेवारीत दोघं आले. रजिस्ट्री झाली. दादानं आपली सहा रोपं खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून नीट बसवली आणि पुण्याच्या गाडीनं नेली. माझी पाच आणि ती मातृकुंडी फ्लॅटच्या बाल्कनीत आली. ताईची सहा मी माझ्याकडेच सांभाळीन, असं म्हणालो. ती म्हणाली, "नको. मी बघते माझ्या वाटणीचं काय करायचं ते."

निघायच्या आदल्या दिवशी ती एकटीच गल्लीत गेली. बरोबर सहा कुंड्या, हातगाडीवर. प्रत्येक कुंडीच्या बुडाला चिकटपट्टीवर तिनं आपलं नाव लिहिलं होतं. एक समोरच्या चाचींना दिली, एक कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांना, एक शिंपीकाकांना. उरलेल्या तीन त्या घरांत, जिथे ती लहानपणी दुपारभर पडीक असायची. प्रत्येकाला काय सांगितलं, तेही मला नंतर चाचींकडून कळलं: "घर बिक गया, मेरा हिस्सा यहीं रहेगा."

घर विकू नये म्हणणाऱ्या माणसानं आपला वाटा कुठे ठेवावा, हे तिनं स्वतःच ठरवलं. आम्हा कोणाला ते सुचलं नव्हतं.

माझं ऑफिस जवळच असल्यामुळे शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी गल्लीतून चक्कर मारतो आणि तिला फोटो पाठवतो. हिशेब सरळ सांगतो. सहापैकी एक मे महिन्यात दुकानाच्या तापलेल्या फरशीवर गेलं, एक पावसात पन्हाळीखाली सापडलं. चार छान आहेत. चाचींनी फेब्रुवारीत तीन काड्या काढल्या आणि देवासला मुलीकडे दिल्या. ताईच्या वहीत त्यामुळे आकडा सातचा आहे. तिची वही आहे, हो.

दादा-ताईचं सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. पैशांचा विषय निघाला की अजूनही दोघं औपचारिक होतात, 'नोटेड' वगैरे लिहितात. पण ऑगस्टमध्ये दादानं घरच्या ग्रुपवर विचारलं, "खालची पानं पिवळी पडतायत, काय करू?" मी टाइप करत होतो, तेवढ्यात ताईचं उत्तर आलं. तिकडे तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. पाणी कमी कर, भिंतीच्या आडोशाला सरकव, पिवळं पान देठासकट काढ, कुंडीखालची ताटली आधी फेकून दे. अकरा ओळी. दादानं लिहिलं, "ताटली फेकली." कागदपत्रं सोडून त्या दोघांमधलं कित्येक महिन्यांतलं ते पहिलं बोलणं होतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "बरोबर सांगितलंय," आणि चष्मा काढून ठेवला.

या वर्षीचा पाऊस आता आवरत आला आहे. आठवडाभर कोरडं गेलं की मी मातृकुंडी छाटणार आहे, तिला दोन वर्षं होतील, आणि बाकीच्या पाचही कुंड्या फुटून आल्यात. पंधरा-वीस काड्या सहज निघतील. फुलं लाल-केशरी, पानावर घोड्याच्या नालेसारखा गडद पट्टा. ज्यांना हवी असेल त्यांनी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर नाव कळवावं. येताना कुंडी आणायची गरज नाही, दह्याचा रिकामा कप पुरतो. तळाला भोकं मात्र घरूनच पाडून आणा.